चार बरण्यांचा क्रम

दिनांक ९ फेब्रुवारी, सकाळी दहा. स्थळ: सरांचं घर, अंबाजोगाई. हजर: सर, पुण्याहून आलेली त्यांची मुलगी, कोपऱ्यावर फळांचा गाडा लावणारे हमीदचाचा आणि मी. साहित्य: स्टीलचं ताट एक, झाकणाच्या काचेच्या बरण्या चार, डोळ्यांवर बांधायला पंचा एक.

माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर एवढं लिहून खाली रेघ मारलेली आहे. रेघेखाली निकाल लिहायचा होता. सर अंबाजोगाईत राहणार की मुलीकडे पुण्याला जाणार, हे त्या निकालावर ठरणार होतं. मुलीने येतानाच दोन रिकाम्या बॅगा आणल्या होत्या आणि दारामागे उभ्या करून ठेवल्या होत्या. सर दाराकडे एकदाही बघत नव्हते, म्हणजे बॅगा त्यांनी नक्की पाहिल्या होत्या.

पण निकालाआधी सरांबद्दल सांगते, नाहीतर परीक्षा कसली होती ते कळणार नाही.

सरांनी कॉलेजात पस्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. पान हातात आलं की आधी चुरगाळायचं, मग हुंगायचं आणि शेवटी बघायचं, ही त्यांची पद्धत. पोरं त्यांना ‘नाकवाले सर’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं. “डोळेवाले पुष्कळ आहेत,” एवढंच ते म्हणत. शिरूर कासारकडच्या ज्या मुलांची घरं ऊसतोडीला जात, त्यांच्यासाठी ते प्रॅक्टिकल परत मे महिन्यात घेत. प्राचार्यांनी हरकत घेतली तेव्हा सर म्हणाले, “काही झाडं वर्षातून दोनदा फुलतात. त्यांची नावं आपण काट मारून टाकतो का?” मेमधलं प्रॅक्टिकल सर निवृत्त होईपर्यंत चालू राहिलं.

दुसरी त्यांची खूण म्हणजे ‘पुरावा?’ हा शब्द. कोणी म्हणालं, आज ऊन लई हाय, की सर विचारत, “पुरावा?” समोरच्याने घामेजलेली पाठ दाखवली की समाधानाने मान हलवत. लग्नाच्या पंगतीत वाढपी “जिलबी गरम आहे” म्हणाला तर त्यालाही सुटका नसे.

मी त्यांच्याच गल्लीत राहत होते. त्या काळी मी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. ड्यूटीवरून परतताना दुपारी चारच्या सुमाराला हमीदचाचांच्या गाड्यापाशी सर हमखास दिसायचे. हातात झेरॉक्सची चळत. जगात झाडांवर, हवेवर, पाण्यावर जे नवं संशोधन होई, ते सर मोबाइलवर शोधून झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणत आणि रोज एक चाचांना सांगत. त्यांचा नियम होता: चाचांना कळलं नाही तर सरांना कळलेलं नाही. मग ते घरी जाऊन पुन्हा वाचायचे.

“चाचा, टोमॅटोच्या झाडाला अळी लागली की ते एक वास सोडतं. तो वास शेजारच्या झाडाला मिळतो आणि अळी यायच्या आधीच ते आपल्या पानात कडू रस तयार करून ठेवतं.”

“म्हंजे झाडंबी चुगल्या करतात म्हणा की.”

“चुगली नाही हो, सावध करतात.”

“आमच्या गल्लीत त्याला चुगलीच म्हणतेत, सर.” चाचा पपई पुसत म्हणाले. “पर कळलं. लिहा, पास.”

सर खरंच कागदाच्या कोपऱ्यात ‘पास’ लिहीत.

तर हे सर धर्मापुरीच्या देवळापासून थोडं पुढे एका बांधावरच्या आंब्यावर चढले आणि पडले. आंब्यावर बांडगूळ होतं. बांडगूळ म्हणजे दुसऱ्या झाडावर मुळं रोवून त्याचा रस पिणारं झाड. सरांना त्याची फुलं हवी होती. वय सदुसष्ट, पायात चप्पल. स्कूटर चालवताना सर न चुकता हेल्मेट घालत. झाडावर चढताना त्यांनी ते काढून हॅण्डलला अडकवलं. हेल्मेटला ओरखडाही आला नाही.

डोक्याच्या मागच्या बाजूला मार होता. आमच्या वॉर्डात दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. अशा रुग्णाला आम्ही ठरलेले प्रश्न विचारतो: नाव काय, कुठे आहात, वार कोणता. नवीनच रुजू झालेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “आजोबा, आज वार कोणता?”

“हे मला धडधाकट असतानाही माहीत नसायचं,” सर म्हणाले. “माझ्या मुलीला फोन करून खात्री करून घ्या.”

डॉक्टरीणबाईंनी कागदावर ‘गोंधळलेले’ असं लिहिलं. मी ते खोडायला लावलं.

दहाव्या दिवशी घरी सोडायचं ठरलं. हमीदचाचा भेटायला आले. त्यांच्या हातात पिकलेल्या पेरूंची पिशवी होती. वॉर्डचं दार उघडल्याबरोबर फिनेलचा वास मागे पडला आणि सगळीकडे पेरूच पेरू झालं. शेवटच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. सर मात्र चाचांकडे बघून हसले आणि म्हणाले, “या. पिशवीत काय आणलंत?”

चाचा थांबले. माझ्या हातातलं इंजेक्शनचं ताट मी खाली ठेवलं.

“सर,” चाचा म्हणाले, “थट्टा करताय व्हय?”

सरांनी पिशवीत डोकावून पाहिलं. एक पेरू काढला, नखाने साल खरवडली आणि नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग तो सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, “पेरू आहे. दिसतोय तरी तसाच.”

त्या दिवशी त्यांनी ‘पुरावा?’ हा शब्द कोणालाच विचारला नाही.

मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नाकाच्या वरच्या टोकाला चाळणीसारखं पातळ हाड असतं. त्याच्या भोकांतून वासाचे बारीक तंतू मेंदूत जातात. डोकं मागून आपटलं की मेंदू आत हिंदकळतो आणि ते तंतू तुटतात. परत येतात का? काहींचे येतात, काहींचे येत नाहीत, आणि महिनोनमहिने लागतात. अलीकडे एक सराव सांगतात: चार ठळक वास, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वास वीस सेकंद, मन लावून. डॉक्टरांनी त्यावरचे छापील कागद दिले. सर ते डिस्चार्जच्या रिक्षातच वाचायला लागले.

आठवड्याभरात ते गाड्यापाशी हजर. डोक्याला पट्टी, हातात चळत.

“चाचा, वास घेणाऱ्या पेशी पुन्हा उगवतात. शरीरातल्या चेतापेशी सहसा असं करत नाहीत, पण नाकातल्या करतात. छाटलेल्या झाडाला फुटवा येतो ना, तसं.”

“मंग खत काय घालायचं?”

“वास. वास हेच खत.”

“लिहा, पास,” चाचा म्हणाले. आणि आपल्याकडची चार लिंबं त्यांनी सरांच्या पिशवीत टाकली.

सरावाची जबाबदारी मी घेतली. असं काम दिसलं की मला राहवत नाही. लवंग, लिंबू, गुलाब, नीलगिरी. गुलाबाऐवजी आधी गुलकंद ठेवला होता, तो सरांनी तीन दिवसांत खाल्ला. मग गुलाबाचं अत्तर आणलं. चार सारख्या बरण्या, चार सारखी झाकणं, झाकणांवर एक ते चार आकड्यांच्या पट्ट्या. ड्यूटीला जाताना आणि येताना मी जायची, सर पंचा बांधून बसायचे, मी एकामागून एक बरणी नाकाशी धरायची, ते सांगायचे, मी वहीत लिहायची. पाच महिन्यांत एक दिवस चुकला नाही. दिवाळीतही नाही.

पहिले दोन महिने सगळं ‘काही नाही’. त्या काळात सरांचं वाचनही नाकाभोवती फिरत होतं. एक दिवस त्यांनी चाचांना सांगितलं, की गाड्यांच्या धुरातून आणि कडक उन्हातून हवेत जे वायू तयार होतात, ते फुलांचा वास वाटेतच मोडून टाकतात. फुलातून वास निघतो, पण मधमाशीपर्यंत पोचेपर्यंत त्याची ओळख उरत नाही. ती बिचारी फुलाच्या अवतीभवती फिरत राहते.

“मंग ती काय करती?”

“अजून नीट माहीत नाही,” सर म्हणाले. “पण मला तिचं कळतं.”

चाचांनी त्या दिवशी ‘पास’ म्हटलं नाही. त्यांनी सरांना संत्र्याच्या दोन फोडी सोलून दिल्या.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी सर म्हणाले, “लवंग?” ती लवंगच होती. मी वहीत बरोबरची पहिली खूण केली. चौथ्या महिन्यात लिंबू, मग गुलाब, मग चारी. चारपैकी चार, सलग अठरा वेळा. मी वॉर्डात पेढे वाटले.

मध्यंतरी घरात एक प्रकार झाला होता. सरांनी दूध तापत ठेवलं आणि दोन हातांवर बसून प्लॅस्टिक जाळल्यावर धुरात काय काय असतं यावरचा कागद वाचत राहिले. दूध आटलं, पातेलं जळलं, मूठ वितळली, शेजारच्या बाईंनी खिडकीतून आरडाओरडा केला तेव्हा सरांनी वर पाहिलं. मुलीपर्यंत बातमी गेली. ती शांत स्वभावाची, एका वाक्यात बोलणारी. “बाबा, गॅस नुसता उघडा राहिला असता तर?” पत्नी वारल्यापासून सर एकटेच राहत होते, आणि त्यांची बाग, त्यांची वाळवलेली पानं, चाचांचा गाडा, सगळं इथे होतं. पुण्याचं नाव काढलं की ते कुंड्यांना पाणी घालायला उठत. शेवटी असं ठरलं: चार वास तिच्यासमोर ओळखले तर राहायचं, नाहीतर तिच्याबरोबर निघायचं. मी वहीतल्या खुणा वाचून दाखवत तिला फोनवर सांगितलं होतं, काळजीचं कारण नाही.

तर ९ फेब्रुवारी. मी सरांच्या डोळ्यांवर पंचा बांधत होते. मुलीने चहा आणला, कप ठेवायला जागा व्हावी म्हणून ताटातल्या बरण्या उचलून मेजावर ठेवल्या आणि पुन्हा जशा हाताला लागल्या तशा ताटात मांडल्या. परीक्षा तिनेच घ्यायची होती. तिने पहिलं झाकण काढलं आणि बरणी सरांच्या नाकाशी धरली.

“लवंग,” सर खणखणीत आवाजात म्हणाले.

मला लिंबाचा वास आला.

दुसरी बरणी उघडली तशी चाचांच्या डोळ्यांतून पाणी आलं, इतकी ती नीलगिरी कडक होती. “लिंबू,” सर म्हणाले. तिसरी लवंग होती. सरांनी मोठा श्वास घेतला, चेहरा फुलला. “गुलाब. अगदी ताजा.” चौथ्या बरणीत गुलाब होता. सर म्हणाले, “आणि ही नीलगिरी. झालं?”

मुलीने चौथं झाकण परत लावलं.

“का गप्प झालात?” सरांनी पंचा वर सरकवला.

“सर,” चाचा खाली बघत म्हणाले, “त्या बरण्या… जागा बदलून बसल्या हायेत.”

सरांनी ताटाकडे पाहिलं. झाकणांवरचे आकडे पाहिले: दोन, चार, एक, तीन. मग माझ्याकडे.

“सिस्टर, पाच महिन्यांत बरण्यांचा क्रम तुम्ही कितीदा बदललात?”

“एकदाही नाही, सर.” आणि खरं सांगते, हे उत्तर मी अभिमानाने दिलं. माझ्या वॉर्डात औषधांचं ताट अंधारात चाचपडलं तरी हवी ती बाटली सापडायची. ते वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळलं मी काय केलं ते.

सर हसायला लागले. खुर्चीत मागे रेलून, पोट धरून. “पस्तीस वर्षं मी कॉलेजात ओरडत होतो, नमुने ओळीने मांडू नका, पोरं ओळ पाठ करतात! आणि पाठ केली कोणी? अंबाजोगाईतला सगळ्यात नीटनेटका प्रयोग, सिस्टर, आणि त्यापायीच फुकट!”

“सर, मला माफ—”

“अहो तुमची काय चूक? मी तोंडाने ओळ म्हणत होतो ते मला तरी कुठे कळलं?” मग हसू ओसरलं आणि ते म्हणाले, “एक सांगू? मला वास येत होता. तिसरी बरणी आली की गुलाब यायचा. आत्ताही आला. खोटं बोललो नाही मी.”

मुलगी जवळ गेली. “बाबा, पुन्हा घेऊ या का? सावकाश.”

“कशाला? नापास आहे. वहीत लिहा, सिस्टर. नापास.” ते उठले, दारामागच्या बॅगा ओढून बाहेर काढल्या. “यातली माझी कुठली?”

चाचांनी तोंड फिरवलं. मी वही उघडली, पण ‘नापास’ लिहिण्याऐवजी नवं पान घेतलं. रुग्णाला घरी सोडताना आम्ही एक विचारतो: याला आता काय जमत नाही, आणि ते दुसऱ्या कशाने भागेल? सरांचं नाक गेलं म्हणून मी पाच महिने फक्त नाकाच्या मागे लागले होते. घराचं काय, हे कोणी विचारलंच नव्हतं.

“एक मिनिट,” मी म्हणाले. “बसा सगळे. घरात नाक काय काय काम करतं ते सांगा.”

“गॅस,” मुलगी लगेच म्हणाली.

“सिलेंडर आजच बाहेर काढायचा. विजेची शेगडी आणायची. पुढचं?”

“जळकं.”

“शेगडीला वेळ लावता येतो. वेळ झाली की आपोआप बंद. पुढचं?”

“नासलेलं अन्न. हे दोन दिवसांची आमटी खातात.”

“डब्यावर तारीख. पट्ट्या माझ्याकडे भरपूर आहेत.”

“ते दिसलंच,” सर म्हणाले.

“धूर,” चाचांनी भर घातली. “आग-बिग लागली तर?”

“छताला भोंगा बसवायचा. धूर आला की बोंबलतो.”

“असा भोंगा मिळतो?” सर एकदम पुढे झुकले. “तो धूर ओळखतो कसा? आत काय असतं?” बॅगेवरचा त्यांचा हात सुटला होता. ते चाचांना घेऊन बाहेरच्या खोलीत छत बघायला गेले.

मुलगी माझ्या शेजारी बसली. आवाज खाली आणून म्हणाली, “ताई, पाचवं एक आहे. बाबांचा तो बिनबाह्यांचा स्वेटर.”

त्या स्वेटरला सहा खिसे होते, प्रत्येकात पाला, बिया, माती. फिल्डवर जाताना सर तो बारा महिने घालायचे. आणि पडल्यापासून तो धुतलेला नव्हता, कारण पूर्वी त्यांचं नाकच त्यांना सांगायचं कधी धुवायचा ते. आता वास घरभर होता. गल्लीभर होता म्हटलं तरी चालेल.

“माझ्याच्यानं होणार नाही सांगणं,” ती म्हणाली.

चाचा पाणी प्यायला आत आले होते. “माझ्याकडं बघू नका. उस्ताद माणूस हाय ते माझं. सिस्टरबाई, तुमी तर रोज लोकांना काय काय सांगता.”

ते खरं होतं. मी वॉर्डाच्या दारात उभी राहून लोकांना फार वाईट बातम्या सांगितल्या आहेत, आवाज न हलवता. म्हणून काम क्रमांक पाच माझ्या नावावर लागलं.

मुलीने माझ्या वहीतल्या पाचही ओळी दोनदा वाचल्या. मग एका बॅगेत दुसरी बॅग घातली आणि चेन लावली. “सहा महिने,” ती म्हणाली. “मग बघू.”

सहा महिन्यांची मुदत केव्हाच संपली. पहिली चार कामं त्याच आठवड्यात झाली. धुराचा भोंगा सरांनी पहिल्याच दिवशी उदबत्ती धरून वाजवून पाहिला, पुराव्यासाठी, आणि शेजारच्या बाई पुन्हा खिडकीत आल्या. सराव नव्याने सुरू झाला. आता क्रम चिठ्ठ्या टाकून चाचा ठरवतात, आणि त्यांची चिठ्ठी मला बघायची परवानगी नाही.

पुढे माझी बदली बीडला झाली. महिन्यातल्या एका रविवारी मी अंबाजोगाईला जाते: सरांची औषधं, डब्यांच्या पट्ट्या, भोंग्याचा सेल. गेल्या रविवारी एसटीत बसल्याबसल्या मी वाक्य ठरवलं होतं. सर, स्वेटर धुवायला द्या, त्याला वास येतो. सातच शब्द.

सरांनी दार उघडलं ते त्या स्वेटरातच. मी श्वास रोखला.

“सिस्टर! बरं झालं आलात.” त्यांनी स्वेटरची खालची कड वर उचलून नाकाशी धरली. “चिठ्ठ्यांत मला अजून काही धड येत नाही. पण परवापासून या स्वेटरचा काहीतरी येतोय. पुसट. ओल्या पाल्यासारखा. चांगला आहे हो वास. फिल्डवर गेल्यासारखं वाटतं.” मग थांबले, चेहऱ्यावर जुनी शंका आली. “की पुन्हा मीच मनाने म्हणतोय? तुमचं नाक शाबूत आहे. सांगा. याला वास येतो का?”

“येतो, सर,” मी म्हणाले.

“पुरावा?”

“दारातूनच आला.”

“नक्की?”

“शपथेवर.”

ते इतके खूश झाले, की थेट चाचांना सांगायला कोपऱ्यावर गेले, चप्पल न घालता. गाड्यापाशी चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. कसला वास, हे सरांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सांगायला हवं. अंगचा दर्प त्यांना पाल्यासारखा वाटतोय, म्हणजे काहीतरी आत पोचतंय, आणि उगवत्या नाकाला वास आधी असे चुकीचे कळतात, हे त्यांच्याच चळतीत लिहिलेलं मी वाचलंय. किंवा हा पुन्हा नुसता भास असेल. पण स्वेटर धुतला तर तो एकुलता एक वास जाईल, आणि नाही धुतला तर मुलगी पुढच्या महिन्यात येते आहे.

मी बीडला परत येऊन वही उघडली. पहिली चार कामं, चार खुणा. अर्ध्या खुणेची सोय माझ्या वहीत नाही. म्हणून नव्या महिन्याच्या पानावर पहिली ओळ तीच उतरवून काढली आहे: काम क्रमांक पाच, सरांना स्वेटरबद्दल सांगणे. बाकी.